सातबारा नसलेल्यांचा पूर

गेल्या पंधरवड्यात सीना नदीकाठच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पूरग्रस्तांच्या मदतीची यादी लागली. भीमनगरातून फोन आला, "यादीत आमची नावं दिसंनात. आम्हाला नीट वाचता येत नसंल, तुम्ही येऊन बघा एकदा." आम्ही तिघे गेलो. वाचता त्यांना नीट येत होते. नावेच नव्हती. सप्टेंबरच्या पुरात ज्या वस्तीत पाणी सगळ्यांत आधी शिरले आणि सगळ्यांत शेवटी निघाले, त्या वस्तीतल्या ५२ घरांपैकी १९ घरे यादीत होती. ३३ नव्हती.

गावाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. हरकती दाखल केल्या आहेत, आणि लोकांना पुन्हा त्याच भाऊसाहेबांपुढे उभे राहायचे आहे. शिवाय हे एका गावाचे प्रकरण नाही. सीनाकाठी, मांजराकाठी, गोदाकाठी ज्या ज्या ठिकाणी आपले कार्यकर्ते या दोन महिन्यांत फिरले, त्यांनी आपापल्या गावची यादी आणि आपापली वस्ती समोरासमोर ठेवून पाहावी. आमचे म्हणणे खोटे निघाले तर आम्हाला आनंदच होईल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आपल्यातले काही मित्र लगेच तलवार उपसतात. त्या गावात कुणी आमच्या तोंडावर जात काढली नाही. पंचनाम्याला आलेले तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) स्वतः मागासवर्गीय होते. पुराच्या रात्री गावातल्या मराठा पोरांनी ट्रॅक्टर लावून आपल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेत नेले, हेही खरे आहे आणि ते लिहिले पाहिजे. मग ३३ घरे गेली कुठे? आम्ही दोन दिवस घराघरांत बसून एकेकाची विचारपूस केली, तेव्हा चार कारणे हाती लागली.

९ कुटुंबे एकत्र रेशनकार्डात अडकलेली. कार्ड सासऱ्याच्या नावाने, घरात तीन चुली. तिन्ही चुली पाण्यात गेल्या, तिघींची भांडी गेली, मदत एकाच नावावर निघाली. एका चुलीवर नवऱ्याने टाकलेली लेक दोन पोरांसह राहते. तिचे नाव अजून सासरच्या कार्डात, आणि सासर दुसऱ्या तालुक्यात. पंचनामा करणाऱ्याला तिने सांगितले, "भाऊसाहेब, माझी चूल वेगळी हाय." त्यांनी विचारले, "कागद आहे का वेगळा?" चुलीचा कागद कोण देतो?

१२ घरे गायरानात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नोंद नाही, म्हणून 'अनधिकृत' असा शेरा मारून वगळली. ७ घरांचे म्हणणे असे की पाणी शिरले हे मान्य, पण "भिंत उभी आहे". आणि ५ घरांना पंचनाम्याच्या दिवशी कुलूप होते. ती माणसे ऊसतोडीला गेली होती. उचल घेतलेली, मुकादमाची गाडी दारात, आणि घरात गुडघाभर चिखल. थांबणार कशी? पुरात सगळे गेल्यावर तर ती उचल आणखीच गरजेची झाली होती. आता ती माणसे कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या हद्दीत कोपी घालून बसली आहेत आणि इकडे यादीवर हरकत घ्यायची मुदत चालली आहे.

या चारही कारणांमध्ये माणूस, पाणी, नुकसान यांचा काही संबंध नाही. प्रश्न फक्त कागदाचा आहे. आणि कोणाच्या घरात कोणता कागद असतो, हे या देशात जातीने ठरवले आहे. गावाच्या वरच्या अंगाला वाडा आणि नदीच्या वाहत्या अंगाला महारवाडा, मांगवाडा ही बसवणूक कुणा इंजिनिअरने केलेली नाही. आपला विटाळ पाण्यातून वर जाऊ नये म्हणून आपल्याला खाली बसवले. पाणी आधी आपल्याकडे येते ते त्यामुळे. आणि मालकीचा कागद आपल्याकडे नाही, तोही त्याच बसवणुकीमुळे. आधी खाली बसवायचे, मग पूर आला की 'ही जागा तुमच्या नावावर नाही' म्हणायचे.

गायरानाचे एवढे सांगायला हवे की ज्यांना आज 'अतिक्रमणधारक' म्हणतात त्यांच्यातल्या अनेकांचे बाप-आजे १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन तुरुंगात गेले होते. नंतर सरकारने १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. आदेश निघाला, गावोगावी फायली तयार झाल्या, आणि कित्येक फायली आजही तशाच आहेत. जमीन कसतात, पण नावावर सातबारा नाही. हातात आहेत त्या दंडाच्या पावत्या. त्या पावत्या दाखवून पिकाची भरपाई मिळत नाही.

आता रकमांकडे येऊ, कारण भावनेच्या भरात आपण आकडे सोडून देतो.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा, मर्यादा ३ हेक्टर. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,०००, शिवाय रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचे काम. गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,०००. दुकानदाराला ५०,००० पर्यंत. दुभत्या जनावराला ३७,५००. घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला तातडीची मदत १०,०००. झोपडी पडली तर ८,०००.

यात ३ हेक्टर कोरडवाहूवाल्याचा हिशेब केला तर पीक आणि बियाणे मिळून ५५,५०० रुपये होतात. हे जास्त आहेत असे आम्ही अजिबात म्हणत नाही. ज्याचे सोयाबीन कुजले, ज्याची माती वाहून गेली, त्याला यात पुढची पेरणीसुद्धा धड होत नाही. मराठवाड्यातल्या आत्महत्या आम्ही पाहिलेल्या आहेत आणि त्यात आपलेही अल्पभूधारक आहेत. शेतकऱ्याला मिळते म्हणून पोटात दुखणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

प्रश्न वेगळा आहे. त्याच शेतात सोयाबीन काढायला जी बाई जाणार होती, तिला या पॅकेजमध्ये शोधून दाखवा.

सप्टेंबरअखेर ते दिवाळी हा आपल्या वस्तीच्या वर्षभराच्या कमाईचा काळ. सोयाबीनची काढणी उक्ती घेतात, एकरावर बोली ठरते, चार-पाच बायका-माणसांची टोळी दिवसाला जमेल तेवढे ओढते. या महिन्याभरात जे हातात येते त्यावर दिवाळी, पोरांच्या वह्या, दुकानदाराची उधारी आणि डिसेंबरपर्यंतचा घरखर्च चालतो. यंदा काढणीच नव्हती. शेत गेले तर शेतकऱ्याचे पीक गेले, आणि त्याच शेतावर जगणाऱ्या सहा जणांची मजुरी गेली. पहिल्याचा पंचनामा झाला. दुसऱ्याचा रकानाच नाही. घर उंचावर असेल आणि पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन परतले असेल तर त्या मजूर कुटुंबाला मिळणारी रक्कम आहे शून्य. वाट्याने जमीन करणाऱ्याचे तर आणखी अवघड. बियाणे त्याचे, खत त्याचे, राबणूक त्याची, आणि भरपाई सातबारावाल्याच्या खात्यावर. मालक भला असेल तर अर्धी देतो. भला नसेल तर पुढच्या वर्षी जमीन मिळणार नाही या भीतीने वाटेकरी तोंड उघडत नाही.

इथे एक गोष्ट आठवून पाहा. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने रोजगार हमी योजना आणली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा केला. खडी फोडताना, पाझर तलाव खोदताना आपल्या आज्या-आजोबांची पिढी जगली ती त्या कामावर. त्या योजनेत किती खाबुगिरी झाली ते सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्या मुळाशी असलेली समज बरोबर होती. पाऊस पडला नाही की शेतकऱ्याबरोबर मजूरही बुडतो, आणि त्याला जमीन नसल्याने त्याची भरपाई मजुरीच्या रूपानेच द्यावी लागते. कोरड्या दुष्काळात सरकारला मजूर दिसला होता. मग पुरात तो कसा दिसेनासा होतो? पाणी कमी पडले काय आणि जास्त झाले काय, त्याचे काम दोन्ही वेळा जाते.

कुणी म्हणेल, सरकारकडे तसे सदरच नाही. हे खरे नाही, आणि इथेच आपल्या अभ्यासाचा कमकुवतपणा उघडा पडतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत 'उपजीविका गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबांना' निर्वाह मदत देण्याचे सदर स्पष्ट आहे, आणि तिचा दर रोजगार हमीच्या अकुशल मजुरीशी जोडलेला आहे. केरळने हे करून दाखवले आहे. जुलै २०२४ मध्ये वायनाडच्या चूरलमला-मुंडक्कैमध्ये दरड कोसळली, त्यानंतर तिथल्या सरकारने उपजीविका गेलेल्या कुटुंबातल्या प्रौढ माणसाला दिवसाला ३०० रुपये, एका कुटुंबातल्या दोघांपर्यंत, ३० दिवस देण्याचा निर्णय घेतला. घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर तिघांपर्यंत. तातडीचे १०,००० रुपये वेगळे आणि घरभाडे वेगळे. तिथे चहामळ्यात राबणारे मजूर होते, त्यांच्या नावावर मळा नव्हता. तरी ते आपत्तिग्रस्त ठरले.

महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. दोन माणसे, ३० दिवस, म्हणजे १८,७२० रुपये. एवढी रक्कम एका मजूर कुटुंबाला मिळाली असती तर त्या ५ घरांतल्या निदान दोघा-तिघांना अंगावर उचल घेऊन जावे लागले नसते. ही मागणी आपल्यापैकी किती संघटनांच्या निवेदनात होती? आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमधली आपल्या भागातली डझनभर निवेदने चाळली. एकातही नव्हती. आमच्या स्वतःच्या निवेदनातही नव्हती, हे कबूल करतो.

आपण काय मागत होतो? 'ओला दुष्काळ जाहीर करा.' आम्हीही तहसीलसमोर हीच घोषणा दिली. मुख्यमंत्री म्हणाले, नियमावलीत ओला दुष्काळ असा शब्द नाही, पण दुष्काळात देतो त्या सवलती देऊ. जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्क माफी. यातली शेवटची सोडली तर भूमिहीनाच्या घरात काय आले? महसूल भरायला जमीन हवी. शेतीकर्जाला सातबारा हवा. आपल्या वस्तीवर कर्ज नाही असे मात्र नाही. बायकांच्या गटाच्या नावाने खासगी कंपन्यांनी वाटलेले कर्ज घराघरांत आहे. ते शेतीकर्जात मोडत नाही. पाणी ओसरून बारा दिवस झाले नव्हते तोच वसुलीवाला पोरगा मोटारसायकलवरून वस्तीत आला. बायका विहारात चिखल काढत होत्या. तो पायरीवर बसून राहिला, कारण हप्ता घेतल्याशिवाय जायचे नाही असे त्याला वरून सांगितलेले. त्यालाही पगारातून कापतील ही भीती. शेवटी एकीने कानातले गहाण ठेवून सगळ्या गटाचा हप्ता भरला. गटातली एक चुकली की बाकीच्यांनी भरायचे, असा तो नियम आहे. ज्या घरात १०,००० ची मदत पोहोचली तिथलीही निम्मी रक्कम याच वाटेने गेली.

तेव्हा दुसऱ्यांच्या घोषणा उसन्या घेताना त्यात आपला माणूस बसतो का, हे तपासायला हवे. शेतकरी आंदोलनाबरोबर राहायचेच आहे. पण 'सरसकट हेक्टरी ५०,०००' या मागणीत हेक्टर नसलेला माणूस कुठे आहे, हा प्रश्न त्याच मंचावरून, त्याच माइकवरून विचारायला लाजायचे कारण नाही. आम्हाला एका जुन्या साथीने सुनावले, "आत्ता असले काढू नका, शेतकऱ्यांची एकी फुटेल." ज्या एकीत मजुराचे नाव घेतले की ती फुटते, तिला एकी का म्हणायचे?

आणि आता थोडे आपल्या घरचे.

पूर आल्यापासून आपल्या पोरांनी जी धावपळ केली तिला तोड नाही. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरहून गाड्या आल्या. कुणी पगारातले पैसे दिले, विहारांतून धान्य गोळा झाले, पोरींनी सॅनिटरी पॅडचे खोके भरून पाठवले. पहिल्या चार-सहा दिवसांत ते नसते तर हाल झाले असते. पण तिसऱ्या आठवड्यातही आम्ही किटच वाटत होतो. एका घरात तेलाच्या सात पिशव्या आणि बिस्किटांचा ढीग, आणि त्याच घराचा पंचनामा झालेला नाही! एका बाईंनी आम्हाला थेट विचारले, "साहेब, तुमचं किट घेताना चार फोटो काढलं. पंचनाम्याला आलं तवा कोण नव्हतं." आम्ही काय उत्तर देणार? एका किटची किंमत फार तर ८०० रुपये. पंचनाम्यातून नाव सुटल्याची किंमत १०,००० पासून सुरू होते. आपली ताकद कुठे लावायची हा साधा हिशेब आम्ही चुकवला.

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे मिळून पंचनामा करतात आणि गाव एका दिवसात उरकतात. भीमनगर बहुधा शेवटी येते, संध्याकाळी, अंधार पडताना. त्या दिवशी वस्तीत एक लिहिता-वाचता माणूस, हातात घरवार यादी आणि मोबाइलमध्ये तारखेसह फोटो, एवढे असते तर ३३ पैकी निम्मी घरे तरी वाचली असती असे आम्हाला वाटते. ज्या बाईची पाच शेरडे वाहून गेली तिला विचारले गेले, "मढी कुठायत?" वाहून गेलेल्या शेरडाचे मढे तिच्या दारात कसे असणार? शेळीला ४,००० रुपये मदतीचा दर आहे. पाच शेळ्यांचे २०,००० झाले असते. तिच्याकडे शेळ्यांचा एकच फोटो निघाला, नातवाच्या वाढदिवसाचा. मागे दोन शेळ्या दिसतात. तो आम्ही अर्जाला जोडला आहे.

कायदा आपल्या बाजूने किती आहे, तेही माहीत हवे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६१ मध्ये लिहिले आहे की मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम हवेतून आलेले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर दलितांना मदत छावण्यांत जागा नाकारली गेली, पाण्याच्या टाक्यांना हात लावू दिला नाही, हे देशाने आणि जगाने वाचले होते. त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये मदतीच्या किमान दर्जात घराच्या नुकसानीबरोबर 'उपजीविकेची साधने पूर्ववत करणे' हेही आहे आणि विधवा व अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगितले आहे. आपण ॲट्रॉसिटीचे कलम झोपेतही सांगू. हा कायदा आम्ही स्वतःही यंदा पहिल्यांदा नीट वाचला.

वाचल्याचा फायदा झाला. त्या १२ गायरान घरांच्या बाबतीत आम्हाला निकषांत एक फट दिसली. बांधकाम अधिकृत असावे ही अट घर पडल्याच्या मदतीला आहे. कपडे आणि भांडी वाहून गेल्याच्या मदतीला ती नाही. पातेले अनधिकृत नसते. हे लेखी मांडल्यावर तालुक्याच्या कार्यालयातले अव्वल कारकून बराच वेळ कागद उलटत राहिले आणि म्हणाले, "ठेवा अर्ज, बघू." 'बघू' म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. पण त्याआधी ते 'होत नाही' म्हणत होते.

कागदांवरून आणखी एक. पुरात भिजलेल्या पेट्यांमधून जे लगदे निघाले त्यात जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जात पडताळणीच्या पावत्या होत्या. इतरांसाठी तो रद्दीचा लगदा असेल, आपल्या पोरापोरींसाठी तो प्रवेश आणि शिष्यवृत्ती आहे. पुराव्याचे कागद मिळवायला एकेका घराने तीन-तीन पिढ्यांची दफ्तरे धुंडाळलेली असतात. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी दाखल्याच्या नकलेसाठी चार वेळा तालुक्याला गेली. एसटीचे अर्धे तिकीट असले तरी चार दिवसांची मजुरी आईची बुडाली, कारण एकटीला पाठवत नाहीत. सरकारने बाधित गावात येऊन दाखल्यांच्या नकला विनाशुल्क द्याव्यात, ही मागणी फार मोठी नाही. पण ती करायला आपणच हवे. बाकीच्यांना हा त्रास ठाऊक नाही.

राहता राहिला वस्ती हलवण्याचा मुद्दा. पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा येणार, हे वस्तीतले शेंबडे पोरही सांगेल. काही गावांत पुनर्वसनाची बोलणी सुरू आहेत आणि तिथे आपल्या वस्तीला दाखवली जाणारी जागा पाहिली की हसावे की रडावे कळत नाही. ओढ्याकाठी, स्मशानाशेजारी, जिथे दुसरे कुणी जायला तयार नाही तिथे. म्हणजे पुन्हा खालचाच अंग. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी वसाहत आयोग आणि पडीक सरकारी जमीन मागितली होती. गावगाड्याच्या कडेला राहून माणूस मोकळा होणार नाही, हे त्यांना दिसत होते. आणि नद्यांचा प्रश्नही त्यांना परका नव्हता. मजूरमंत्री असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत ओरिसातल्या पुरांवर बोलताना पुराच्या पाण्याकडे संकट म्हणून नव्हे तर साठवून वापरायची संपत्ती म्हणून पाहा, असे त्यांनी मांडले होते. आपण त्यांच्या जयंतीला दामोदर खोऱ्याचे नाव घेतो. पण वस्तीसाठी उंचावरची, नावावर होणारी जागा मिळेपर्यंत ग्रामसभेतल्या कोणत्याही ठरावावर सह्या करायच्या नाहीत, एवढे तरी वस्तीत पक्के करायला हवे. घाईत एका जागेला हो म्हटले की पुढची पन्नास वर्षे तिथेच. महिलांची सभा आधी, वेगळी घ्यावी, कारण पाणी भरायला आणि अंधारात बाहेर जायला कोणती जागा किती लांब पडते, हे पुरुष सांगत नाहीत.

आमच्या तालुक्यात आम्ही आता किटचे उरलेले पैसे प्रवासखर्चाकडे वळवले आहेत. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी वाद घालावा, आम्ही तयार आहोत. त्या पैशांतून दोन पोरे कर्नाटकातल्या त्या कारखान्यावर गेली आणि पाचही कुटुंबांचे अर्ज, आधारच्या प्रती, अंगठे घेऊन आली. कोपीत बसून अर्ज लिहिताना तिथे शेजारच्या तालुक्यातल्या आणखी तीन टोळ्या भेटल्या. त्यांच्यातही पुरातून उठून आलेली घरे होती आणि त्यांना आपल्या गावात यादी लागली आहे हेच माहीत नव्हते. त्यांची गावे आम्ही लिहून घेतली आहेत. त्या भागातल्या कार्यकर्त्यांनी संपर्क केला तर नावे देऊ.

३३ पैकी ३१ हरकती दाखल झाल्या. दोघांनी नको म्हटले. त्यातला एक जण ज्यांच्या शेतात वाट्याने करतो, ते सरपंचांचे भाऊ आहेत. पोचपावती सगळ्यांची घेतली आहे, शिक्क्यासह. वेगळी चूल असलेल्या त्या ताईंच्या अर्जासोबत काय जोडायचे यावर बराच खल झाला. शेवटी शेजारच्या चार बायकांचे जबाब आणि अंगणवाडीच्या रजिस्टरमधली तिच्या पोरांची नोंद जोडली. सोमवारी पुन्हा तालुक्याला जायचे आहे. ज्यांना येता येईल त्यांनी सकाळी अकराच्या आत यावे, साहेब त्यानंतर दौऱ्यावर निघतात.

जयभीम.